गिअरबॉक्स मागून गळतो, सील दोनदा बदलूनही थांबत नाही

प्रश्न: ५ गिअरचा जुना ट्रक आहे. मागच्या फ्लँजपाशी (शाफ्ट जोडायची चकती) तेल गळतं. वर्षात २ ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) घातली, महिनाभरात पुन्हा तेच. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातूनही थेंब पडतात. काय बघावं?

उत्तर १: सीलच्या आधी ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर जायचं छोटं तोंड, बघा. तो चिखलाने बुजला की गरम झालेल्या हवेचा दाब सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलतो. डिझेलने धुऊन हवा मारा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खुणा करा आणि जोडताना त्या जुळवा, नाहीतर गाडी थरथरेल. सीलचा ओठ घासतो ती जागा नखाने तपासा. नख अडकलं म्हणजे खाच पडलीय, तिथं नवं सील टिकणारच नाही. त्या जागेवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवा किंवा फ्लँज बदला. पॉलिश पेपर घासून भागत नाही, उगाच मेहनत.

उत्तर २: फ्लँज वरखाली हलवूनही बघा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर आधी बेअरिंग बदला. सीलची स्प्रिंग तेलाच्या बाजूला, ओठाला ग्रीस, आणि सीलच्याच मापाच्या पाइपने सरळ ठोका.

प्रश्नकर्ता: आणि पुढचे थेंब?

उत्तर १: वास घ्या. गंधकासारखा उग्र असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. काळं, पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे इंजिनचं मागचं सील. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. क्लच प्लेट तेलकट झालीय का तेही तेव्हाच बघा.

उत्तर २: तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तिथं जीएल-५ नको, पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात. गाडी सपाटीवर ठेवून फिलर प्लगच्या (तेल भरायच्या बुचाच्या) भोकाच्या काठापर्यंतच भरा.