ग्लेन वुड आजोबांची भेट
कार शर्यतीत गाडी मध्येच थांबवून टायर बदलतात, इंधन भरतात ते पिट स्टॉप फास्ट कोणी केले यावर चर्चा चाललीय म्हणून सांगतो, ते अमेरिकेतल्या नासकार शर्यतींमधल्या वुड ब्रदर्स या भावांच्या टीमनेच हो, आणि त्या भावांतल्या थोरल्या ग्लेन वुडना मी भेटलोय! बाबा पुण्याहून आलेले, त्यांना घेऊन व्हर्जिनियात स्टुअर्ट गावी वुड ब्रदर्सच्या म्युझियममध्ये गेलो तर नव्वदीच्या आसपासचे आजोबा स्वतःच टीमच्या २१ नंबरच्या रेसिंग गाडीशेजारी उभे. १९६५ ला इंडी ५०० या मोठ्या शर्यतीत ड्रायव्हर जिम क्लार्कचे पिट स्टॉप याच भावांनी केले आणि तो जिंकला, पण मोठेपणाचा लवलेश नाही. बाबांचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ सोडलाच नाही, लाकडाच्या धंद्यातले ते हात, खरखरीत पण ऊबदार. जानेवारी २०१९ ला ते गेले तेव्हा बाबांचा फोन आला, आपले ते आजोबा गेले ना रे, मला बोलताच येईना.