मालदीव: जगापुढे रडायचं आणि घरी प्रवाळावर भराव टाकायचा?

खलाशी
१७ ऑक्टोबर २००९ रोजी मालदीवच्या मंत्रिमंडळाने समुद्राच्या तळाशी बैठक घेतली होती. पाठीवर हवेच्या नळकांड्या लावून मंत्री सह्या करताहेत, हा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. समुद्र चढला तर देश बुडेल, ही त्यांची भीती खोटी नाही. देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही वर नाही.

पण त्यांचे विकास आराखडे उघडा. भराव, विमानतळ, पुन्हा भराव. अड्डू कंकणद्वीपाला (कड्याच्या आकारातल्या प्रवाळ बेटांच्या समूहाला) २०२० मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्याच लगूनमध्ये (कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात) वाळू उपसून शंभराहून जास्त हेक्टर भराव झाला. तोही आपल्या भारत सरकारच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून, तेव्हा आपण अगदीच तिऱ्हाईत नाही.

माझं म्हणणं असं, की प्रवाळ हा नियोजनाचा पाया धरला पाहिजे. तिथे तो शेवटच्या प्रकरणातला ‘पर्यावरण’ नावाचा परिच्छेद होऊन बसलाय. लाट आधी प्रवाळावर फुटते, मग किनाऱ्याला येते. किनाऱ्याची वाळूही तिथलीच. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून पांढरी वाळू टाकतो, हसू नका, ती वाळू मिळत राहिली तर समुद्र चढताना काही बेटं थोडीफार उंचावूही शकतात. भरावाच्या कामातून उठणाऱ्या गाळाने लगून भरलं की हा कारखानाच बंद.

सिमेंटवाला
बंदरांच्या कामात हयात गेली, म्हणून बोलतो. जेमतेम पाच लाखांचा देश, आणि दर पाच माणसांतली दोन राजधानी माले आणि तिच्या लगतच्या बेटांवर. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक आहेत. त्यांना पोपटमाशाची गोष्ट सांगणार?

मालेशेजारच्या हुलहुमालेचं काम १९९७ मध्ये सुरू झालं. भरावाचंच बेट, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच, म्हणजे आजूबाजूच्या नैसर्गिक बेटांपेक्षा सुरक्षित. समुद्र वाढणार हे धरून केलेलं नियोजन याहून वेगळं काय असतं? २००४ च्या त्सुनामीत मालेला वाचवलं ते जपानच्या पैशातून बांधलेल्या भिंतीने. आणि १९९८ मध्ये उथळ पाण्यातला बहुतेक प्रवाळ मेला तो एल निनोने पाणी तापल्यामुळे. तिथे कोणी ड्रेजर (तळाची वाळू उपसणारं यंत्र) नेला नव्हता. यांचं उत्सर्जन जगाच्या हिशोबात नगण्य. पाणी तापवलं इतरांनी आणि काटकसरीचे धडे यांना?

खलाशी
भिंतीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ती बांधावी का लागली? १९८७ मध्ये लांबून आलेल्या लाटांनी माले बुडाली. त्याआधीच्या काही वर्षांत शहर भराव टाकत टाकत थेट प्रवाळाच्या कडेपर्यंत नेलं होतं. लाट फुटायला जागाच उरली नव्हती. आधी निसर्गाचा बांध गाडला, मग टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे) ओतले. वस्तीची बेटं १८० च्या वर आहेत. जपान सगळ्यांना भिंत बांधून देणार का?

१९९८ नंतर बऱ्याच ठिकाणी प्रवाळ परत वाढला होता, २०१६ मध्ये पुन्हा पाणी तापेपर्यंत. दोन तडाख्यांच्या मधल्या काळात त्याला गाळ नसलेलं पाणी लागतं. पाणी तापणं त्यांच्या हातात नाही, गाळ आहे.

वेंगुर्लेकर
कुल्हुधुफ्फुशीचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? उत्तरेकडच्या त्या बेटावर कांदळवनाचा मोठा भाग बुजवून विमानतळ केला, २०१९ मध्ये सुरूही झाला. जवळच हनिमाधूला विमानतळ होताच. त्या चिखलात बायका नारळाची सोडणं कुजत घालायच्या आणि काथ्या वळायच्या. आमच्याकडेही खाडीच्या कडेला हेच चालायचं, म्हणून मला ते वाचताना जास्त लागलं. त्यांच्या खड्ड्यांवर भराव गेला. ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ म्हणता, पण त्या बायकांचा तो रोजगारच होता की!

मात्र खलाशीसाहेब, विमानतळ हवा म्हणणारेही त्याच बेटावरचे होते. आजारी माणसाला होडीतून न्यायचं म्हणजे काय, हे आपल्याला इथे बसून कळायचं नाही.

आकडेमोड
पैशाचंही बोला. २०१५ च्या अखेरीपासून पर्यटकांकडून हरित कर घेतात. रिसॉर्टमध्ये माणशी रोज ६ डॉलर होता, २०२५ पासून १२. म्हणजे कचरा, सांडपाणी, किनारा यांच्या खर्चासाठी लांबून विमानाने माणसं येत राहायला हवीत. जास्त विमानं, जास्त हरित कर! वीज जवळजवळ सगळी डिझेलची, पिण्याचं पाणी त्याच विजेवर खाऱ्याचं गोडं केलेलं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या जलप्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं. सिमेंटवाले, सगळा देश एका शहरात कोंबायचा म्हणजे ही जोखीम वाढवायचीच ना?

सिमेंटवाला
मग काय, १८० बेटांवर १८० इस्पितळं? माणसं शाळा आणि डॉक्टरच्या मागे जातात, आराखड्याच्या मागे नाही. त्सुनामीनंतर कंधोलुधू बेटाचे लोक नव्याने वसवलेल्या धुवाफारूवर गेले, कारण तिथे घरं तयार होती. घरं द्या, लोक हलतील.

कुल्हुधुफ्फुशीबद्दल वेंगुर्लेकरांशी सहमत. जवळ धावपट्टी असताना दुसरी बांधणं हे मतांचं गणित, त्याला अभियांत्रिकी म्हणू नका. रिसॉर्टसाठी लगून बुजवणंही बंद करा, माझी हरकत नाही. पण घरांसाठीच्या भरावाला हात लावायचा नाही.

खलाशी
घरांसाठीचा कुठला आणि रिसॉर्टसाठीचा कुठला, हे ठरवायचं कोणी? पर्यावरण आघाताचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो प्रकल्पवालाच. तिथेही आणि आपल्याकडेही.

सिमेंटवाला
त्यावर उपाय सुचवा. अहवालाचे पैसे सरकारने भरायचे म्हणाल, तर भराव टाकणारंही बहुतेक वेळा सरकारच असतं.