भुकटी म्हणजे हाड नव्हे

"गाईच्या हाडाची भुकटी जबड्यात भरली की तेच आपलं हाड होतं का?" जबड्याचं हाड कमी पडलं की दातांचे डॉक्टर अशी भुकटी भरतात (बोन ग्राफ्ट), त्यावरचा हा प्रश्न चांगला आहे. उत्तर: नाही. त्या भुकटीतला सेंद्रिय भाग आधीच काढून टाकलेला असतो, उरतो तो फक्त खनिज सांगाडा. जाडं मीठ दिसावं तसे पांढरे दाणे. डॉक्टर ते सलाईनमध्ये किंवा रक्तात कालवतात, मग ते ओल्या वाळूसारखे चिकटून बसतात. हाड तयार करतात आपल्याच पेशी. दाणे म्हणजे नुसती परांची. गाईचे दाणे तर वर्षानुवर्षं तसेच राहतात, नवं हाड त्यांच्या भोवतीनं वाढतं.

खरी गंमत भुकटीवर अंथरतात त्या पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची आहे. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या पेशी संथ. मोकळी जागा दिसली की हिरडी आधी घुसते आणि हाडाला जागाच उरत नाही. पडदा तिला काही आठवडे बाहेर थोपवून धरतो. दंतसंशोधक मेल्चर यांनी हा विचार १९७६ मध्ये मांडला होता. कोलॅजन या प्रथिनाचा पडदा आपोआप विरघळतो, टेफ्लॉनचा नंतर काढावा लागतो.

नवं हाड तयार व्हायला साधारण चार ते सहा महिने थांबावं लागतं, सायनस लिफ्ट (वरच्या दाढांवरच्या पोकळीचा पडदा उचलून तिथं भुकटी भरणं) असेल तर कधी जास्तही. टाका उसवून पडदा उघडा पडला तर जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून जिभेनं चाचपत बसू नका. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी ती आधी सोडावी. त्याशिवाय एवढा खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.