एलईडी लागतो म्हणजे वायरिंग बरोबर असं नाही

मशीनवरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा (धातू जवळ आला की स्पर्शाशिवाय ओळखणारा सेन्सर) एलईडी लागतोय पण मशीनच्या कंट्रोलरला इनपुट मिळत नाही, म्हणजे इनपुट कार्डच (कंट्रोलरचा सेन्सरचे सिग्नल घेणारा भाग) गेलं, हे या चर्चेत वर कोणीतरी लिहिलेलं मला पटत नाही. तो एलईडी एवढंच सांगतो की सेन्सरला सप्लाय आहे आणि समोरचा धातू त्याला दिसतोय. सेन्सरच्या काळ्या, म्हणजे आउटपुटच्या वायरमधून करंट कार्डात जाऊन परत येतोय की नाही, हे त्यावरून कळत नाही. आधी सेन्सर पीएनपी (आउटपुटवर प्लस देणारा) की एनपीएन (आउटपुट शून्याला जोडणारा) ते तपासा, हा वरचा सल्ला मात्र अगदी बरोबर.

पण सप्लाय दोन असतील तर आणखी एक गोष्ट बघा, ती अजून कोणी लिहिलेली नाही. माझ्याकडच्या एका मशीनवर सेन्सरला वेगळा २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) होता आणि इनपुट कार्डचा कॉमन (इनपुटच्या करंटचं परतीचं सामाईक टर्मिनल) दुसऱ्याच सप्लायच्या शून्यावर. सेन्सर पीएनपी, कार्डही त्याला जुळणारं. काळी आणि निळी (सेन्सरच्या शून्य व्होल्टची) वायर यांच्यात मीटर जवळपास २४ दाखवायचा, तरी इनपुट मेलेला. सेन्सर बदलला, केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी मीटरची एक प्रोब निळ्या वायरवरून काढून थेट कार्डच्या कॉमनवर ठेवली, तर आकडा एका जागी ठरेना. दोन्ही सप्लायचे शून्य व्होल्ट एकमेकांना जोडलेलेच नव्हते, करंटला परतायला वाटच नव्हती! एक वायर टाकली आणि इनपुट लगेच आला. कार्ड काढण्याआधी सेन्सर ऑन ठेवून काळी वायर ते कार्डचा कॉमन हे माप घ्याच.