मदत हवी आहे: १८७०च्या मागे जाता येत नाहीये

सायली_ह्यूस्टन: तीन आठवडे अडकलेय. शेजारच्या कृष्णवर्णीय आजी (वय ८१) खापरपणजीला शोधतायत. नाव हॅना, अमेरिकेत गुलाम होती. १८७०च्या जनगणनेत ती आहे, वय ३४, सोबत चार मुलं. १८६०त कुठेच नाही. मालकाच्या हिशेबाच्या वहीचे फोटो आहेत. पुढे काय? लवकर सांगा, आजींची तब्येत बरी नसते.

बाळा_कुडाळकर: राज्य कुठलं? कसला मळा?

सायली_ह्यूस्टन: लुइझियाना, सेंट जेम्स पॅरिश (तिथला जिल्हा). ऊस.

मोडीवाचक: १८६०त नाव मिळणारच नाही. १८५० आणि १८६०ला गुलामांची यादी वेगळी होती. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, वर्ण. मालक कधी वारला ते बघा. मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी व्हायची, त्यात बैलांच्या नि भांड्यांच्या शेजारी माणसांची नावं, वयं, किमती असतात. पॅरिशच्या कोर्टात विचारा.

रोहन७८: एवढं कशाला? डीएनए करा, महिन्यात निकाल.

मोडीवाचक: डीएनएने आजचे नातेवाईक सापडतील. हॅना कुठल्या मळ्यावर होती हे कागदच सांगणार.

नाशिककर: आमच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाल्या. तिकडे तसं काही नसतं का?

मोडीवाचक: त्या वहीत आपली माणसं स्वतः जाऊन नावं सांगायची. इथे लिहिणारा मालक. पण लुइझियानात गुलामांच्या मुलांचे बाप्तिस्मेही कॅथलिक चर्चच्या वह्यांत नोंदलेत, ते बघाच.

पोर्टलुई_मराठी: मॉरिशसला मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये विचारा. आमचे पणजोबा रत्नागिरीचे, तिथल्या दप्तरात फोटोसकट सापडले.

बाळा_कुडाळकर: ते गिरमिटिये, करारावर गेलेले. हॅनाला विकत घेतलं होतं. दोन्ही एक नव्हे.

पोर्टलुई_मराठी: हालअपेष्टा त्यांनीही काढल्या हो.

बाळा_कुडाळकर: काढल्याच. पण त्यांची मुलं कुणाच्या मालकीची नव्हती.

मोडीवाचक: सायली, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या (१८६५–७४) न्यू ऑर्लिन्स शाखेच्या खातेनोंदीही बघा. काहींत जुना मालक, मळा, भावंडं अशी सगळी नावं असतात. आणि वहीत हॅना नेमकी कुठे आहे?

सायली_ह्यूस्टन: कापडवाटपात. १८५८, 'हॅना आणि तान्हं'.

मोडीवाचक: हे आधी सांगायचं! १८७०ला तिचं बारा वर्षांचं मूल आहे का?

सायली_ह्यूस्टन: आहे. जूल्स, वय १२. आत्ता उघडून बघितलं. आजींकडे निघालेय.