टिपऱ्यांचं घर, आपलं घर

परवा माहेरी कुणीतरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चा जुना भाग लावला आणि आई हातातल्या लाटण्यासकट बाहेर येऊन उभी राहिली. तव्यावरची पोळी करपली तरी हलली नाही. 2001 साली ही मालिका अल्फा मराठीवर सुरू झाली तेव्हा मी नववीत होते. आजोबा आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदेंनी उभं केलेलं हे कुटुंब मला आमच्याच मजल्यावरचं वाटायचं. तुमच्या घरी ही माणसं कशी राहिली, ते सांगाल? वेळ काढून, सविस्तर लिहा. (वाचकांची आलेली काही उत्तरं खाली.)

*

लहानपणी 'झपाटलेला' पाहून तात्या विंचूची इतकी धास्ती घेतली होती की पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपायचो नाही. तो तात्या विंचू झालेले दिलीप प्रभावळकरच आबा, हे बाबांनी सांगितलं तेव्हा पटेचना. बाबांसाठी ते दूरदर्शनवरचे चिमणराव, आईसाठी 'चौकट राजा'तला नंदू. तिघांचे तीन प्रभावळकर! त्यांचा जन्म 1944 चा, म्हणजे आबा झाले तेव्हा साठीसुद्धा उलटली नव्हती. पण नीट बघा, कुणी टाकून बोललं की आबा लगेच उत्तर देत नाहीत. आधी ते लागलेलं आत जातं, मग तोंड उघडतं. माझे आजोबा अगदी तसेच थांबायचे. पुढे 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त तेच गांधीजी झाले आणि मी थिएटरात शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "हे आमचे आबा."

*

आबा रोज लिहितात हे पाहून आमच्या आजोबांनीही बँकेतून मिळालेली डायरी काढली. दोनच ओळी. 'मेथी दोन जुड्या. नातीला ताप 101, रात्री उतरला.' ते गेल्यावर सगळी पानं वाचली. एका पानावर एवढंच होतं, 'आज कुणाशी बोलणं झालं नाही.' तारीख दिवाळीच्या सुट्टीतली. मी त्या दिवशी घरातच होते.

*

2020 चा लॉकडाऊन, म्युनिकमधली एक खोली, यूट्यूबवर टिपरे. एका जेवणाला एक भाग. ते पाचजण बोलत असले की घास घशाखाली उतरायचा.

*

मला श्यामलाबद्दल लिहायचंय. तेव्हा हिंदीत सासू-सुनांच्या मालिकांचा जोर होता, घरातसुद्धा भरजरी साड्या आणि चोवीस तास कारस्थानं. माझं नवीन लग्न झालेलं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्या बेतानंच. भाजीत गूळ कमी पडला की "तुमच्याकडे असंच करतात का?" हे ठरलेलं. शुभांगी गोखलेंची श्यामला चिडायची, वैतागायची, तरी तिचा आवाज घरातल्या बाईचाच राहायचा. ना देवी, ना खलनायिका. अशी सून टीव्हीवर दिसायला हवी होती, खरंच हवी होती. आम्ही दोघी शेंगा सोलत बघायचो, मध्ये परात. एकदा श्यामला सगळ्यांवर उखडून आत गेली आणि सासूबाई परातीतली टरफलं फुंकत म्हणाल्या, "आपल्यासारखीच आहे गं ही."

'आपल्या' म्हणाल्या त्या. पहिल्यांदाच.