नागपूर–सेवाग्राम–नागपूर एका दिवसात: गट एकत्र कसा ठेवावा?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार. आमच्या वस्तीतील बारा जणांचा सायकल गट डिसेंबरमध्ये एका दिवसात सेवाग्रामला जाऊन परत येण्याचा विचार करीत आहे. बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार या मार्गाने जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर होतील. गटात रोड बाईक चालवणारे तरुण आहेत, तसेच साठीला आलेले आणि गिअरची साधी सायकल वापरणारे दोन काकाही आहेत. रविवारच्या नेहमीच्या फेरीतसुद्धा पुढचे आणि मागचे यांच्यात बरेच अंतर पडते. तरुणांचे म्हणणे असे की दोन वेगळे गट करावेत आणि सेवाग्रामला भेटावे. मला मात्र सर्वांनी सोबत जावे असे मनापासून वाटते. हे शक्य आहे का, आणि असल्यास त्याची शिस्त कशी लावावी?

उत्तर १ (त्रिमूर्तीनगर)

ताई, शक्य आहे, पण बेत आखताना हिशोब सर्वांत मागे राहणाऱ्या सायकलस्वाराचा धरावा लागेल. नागपुरात डिसेंबरच्या मध्यास सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम अकरा तास मिळतो. काकांचा सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटर धरला, तर नुसते पायडल मारण्यातच साडेनऊ तास जातील. त्यात नाश्ता, जेवण, आश्रम पाहणे आणि एखादे पंक्चर मिळवले की परतीचा शेवटचा टप्पा, म्हणजे नेमका बुटीबोरी ते नागपूर हा अवजड वाहनांचा रस्ता, अंधारात येतो. म्हणून पहाटे साडेपाचला निघावे आणि पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा व चमकणारे जॅकेट यांशिवाय कोणालाही सोबत घेऊ नये.

दोन गट करण्याच्या मी विरोधात आहे. वेगवान गट एकदा सुटला की त्याला मागच्यांची खबर राहत नाही, आणि ज्यांना मदतीची गरज पडण्याची शक्यता अधिक, तेच अनुभवी माणसांपासून दूर पडतात. त्याऐवजी पुढे एक आणि शेवटी एक असे दोन जाणते सायकलस्वार ठेवा. शेवटच्याने कोणत्याही कारणाने कोणाच्याही पुढे जायचे नाही. पंप, सुट्या ट्यूब आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याजवळच असावी, कारण पुढच्याकडे असलेला पंप मागे खोळंबलेल्या माणसाच्या उपयोगाचा नसतो. दर पंधरा-वीस किलोमीटरवर, शिवाय प्रत्येक मोठ्या वळणावर सर्वांनी थांबावे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो: विसावा शेवटचा माणूस पोहोचल्यावर सुरू होतो. तो येताच बाकीचे सायकलवर बसले, तर दिवसभरात सर्वांत दमलेल्या माणसालाच काय ती विश्रांती मिळत नाही. असे वागणारे गट मी पाहिले आहेत, आणि त्यातली थकलेली माणसे पुढच्या सहलीला येत नाहीत.

उत्तर २ (वर्धा)

वरील मताशी सहमत आहे, फक्त वाऱ्याचा विचार जोडतो. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतांशी उत्तर-ईशान्येकडून असतो आणि वर्धा नागपूरच्या नैर्ऋत्येस आहे. त्यामुळे जाताना वारा पाठीशी असतो, सायकल आपोआप पळते, आणि त्या भरात ताकद खर्च होते. परतताना तोच वारा दुपारच्या उन्हासह तोंडावर येतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने समोरच्या वाऱ्यात वेग थोडासा वाढवायलाही फार जोर लागतो.

तुमच्या तरुणांचे खरे काम इथेच आहे. एका ओळीत, पुढच्याच्या मागे एका सायकलीएवढे अंतर ठेवून चालले, तर मागच्याला वाऱ्याचा त्रास बराच कमी होतो. काकांना या आडोशात ठेवा आणि पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदला. पुढच्याने खड्डा, काच किंवा गतिरोधक दिसताच हाताने खूण करावी व मोठ्याने सांगावे, अचानक ब्रेक लावू नये, आणि मागच्याने आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊ नये. ट्रकच्या मागे मात्र असा आडोसा कधीही घेऊ नका.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. वाऱ्याची बाजू आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. खाण्यापिण्याचे आणि पंक्चरचे काय करावे, हेही कोणी सांगावे.

उत्तर ३ (मानेवाडा)

निघण्यापूर्वी तर्रीपोह्यांचा मोह टाळावा. तेलकट तर्री पोटात घेऊन तीन तास वाकून सायकल चालवणे सोसत नाही. घरून केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर घ्यावेत, आणि भूक लागण्याआधीच दर पाऊण तासाला थोडे खावे. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून पाण्याची आठवण पुढच्याने करून द्यावी. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस असावे. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतातच. ती प्रत्येकाने खिशात ठेवावीत. वर्ध्याचा गोरसपाक जेवणानंतर जरूर खावा, मात्र बेताने.

महामार्गाच्या कडेने पंक्चर होते ते बहुधा खिळ्याने नव्हे, तर फुटलेल्या ट्रक टायरमधून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारेने. ती टायरमध्ये इतकी रुतलेली असते की वरून दिसत नाही. नुसती ट्यूब बदलली, तर काही अंतरावर चाक पुन्हा बसते. म्हणून आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधावे, व्हॉल्व्हपासून त्याचे अंतर पाहावे आणि टायरची तीच जागा आतून चिंधीने पुसत जावे. तार असेल तिथे चिंधीचा धागा अडकतो. मग ती बारीक चिमट्याने ओढून काढावी. उघडे बोट फिरवू नये, कापते. बारा जणांतील किमान चौघांना हे घरी बसून शिकवा.

उत्तर १ (त्रिमूर्तीनगर)

चिमट्याचे उत्तम सांगितले. एक व्यवस्था आणखी करावी. जाताना पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाजवळ थांबा आणि काकांना एकांतात विचारा की परत सायकलवर यायचे का. सर्वांसमोर विचारले, तर कोणीही नाही म्हणणार नाही. त्यांच्यासाठी एखादा मालवाहू टेम्पो आधीच ठरवून ठेवा आणि त्याचे भाडे बारा जणांत सारखे वाटून घ्या, म्हणजे त्यात बसणाऱ्याला संकोच वाटणार नाही. सेवाग्रामहून दुपारी बारापर्यंत निघणे झाले नाही, तर सर्वांनीच परतीचा काही भाग टेम्पोने करावा, हेही निघण्याच्या आदल्या दिवशीच सर्वानुमते ठरवून टाका. रस्त्यावर दमल्यावर असे निर्णय वादाचे होतात.